निसर्गशिक्षक

निसर्गाचे निरीक्षण करण्यास, त्यातील परस्परसंबंध समजून घेण्यास व त्यांच्या रक्षणासाठी कृती करण्यास इतरांना शिकविणे हा ज्याचा उपजीविकेचा व्यवसाय आहे, अशा व्यक्तीस निसर्गशिक्षक म्हणतात. औपचारिक शिक्षणाच्या संदर्भात ‘पर्यावरण शिक्षक’ ही संज्ञा अधिक रूढ आहे. निसर्गप्रेमी, निसर्गवैज्ञानिक आणि निसर्गशिक्षक हे शब्द बोलण्यात पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. परंतु तिघांच्या लक्षाचा विषय भिन्न असतो. निसर्गप्रेमी व्यक्ती स्वतःच्या आनंदासाठी रानात जाते. निसर्गवैज्ञानिकाचे लक्ष पक्षी, कीटक वा वनस्पती यांवर केंद्रित झालेले असते. निसर्गशिक्षकाला मात्र आपले लक्ष मुख्यतः बरोबर आलेल्या माणसांवर ठेवावे लागते. दुर्मिळ पक्षी समोर असताना दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना न लावता दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देणे हा त्याच्या कामाचा भाग होय. आवडीतून या व्यवसायात येणाऱ्यांना हा पालट बहुधा सर्वांत जड जातो.

या व्यवसायाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची आर्थिक अस्थिरता. निसर्ग शिकविण्याची हौस असणाऱ्यांची वाण कोणत्याही काळात पडलेली नाही; त्यासाठी वेतन देणाऱ्या जागांची मात्र सतत पडत आली आहे. संस्था, शासन किंवा पर्यटन यांपैकी कोणी तरी खर्चाचा भार उचलला, तेव्हाच या कामाला व्यवसायाचे रूप आले. आणि तो आधार सुटताच ते बहुधा पुन्हा हौशी लोकांच्या हाती गेले.

ऐतिहासिक आढावा : लूई ॲगासिझ (१८०७–७३) या स्विस-अमेरिकन निसर्गवैज्ञानिकांनी १८७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील पेनिकीझ बेटावर शालेय शिक्षकांसाठी एक विद्यालय भरविले. शिक्षकांनी पुस्तकाऐवजी समुद्रकाठचे जिवंत प्राणी प्रत्यक्ष हाताळून शिकावे व परतल्यावर मुलांना तसेच शिकवावे, ही त्यामागील कल्पना. सुमारे ५० शिक्षक-शिक्षिका तेथे जमल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲगासिझ वारले आणि आणखी एका उन्हाळ्यानंतर विद्यालय बंद पडले. त्याची कल्पना मात्र तेथे शिकलेल्या शिक्षकांबरोबर देशभर पसरली.

या कामास शासनाचा पैसा मिळाल्याचे आरंभीचे ठळक उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील आहे, आणि त्याचे कारण निसर्गप्रेम नसून शेतीमधील मंदी हे होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत शेती बुडू लागल्याने खेड्यांतील तरुण शहरांकडे जाऊ लागले. मुलांना लहानपणापासून भोवतालच्या निसर्गात रस वाटू लागला, तर ती शेतीत टिकून राहतील, असा विचार पुढे आला व राज्याने कॉर्नेल विद्यापीठास त्यासाठी अनुदान दिले. तेथील कृषिवैज्ञानिक लिबर्टी हाइड बेली (१८५८–१९५४) यांनी ही चळवळ वाढविली. त्यांच्या सहकारी ॲना बॉट्सफर्ड कॉम्स्टॉक (१८५४–१९३०) यांनी ग्रामीण शिक्षकांसाठी पत्रके लिहिली आणि १९११ मध्ये त्यांवर आधारलेला निसर्ग-अभ्यासाचा मोठा मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या शिक्षिकेस स्वतःला एकाही किड्याचे नाव ठाऊक नाही, तिलाही मुलांबरोबर शिकता यावे अशा रीतीने त्यातील पाठ रचलेले आहेत. पुढील पिढ्यांतही हा ग्रंथ वापरात राहिला, याचे श्रेय बव्हंशी या रचनेस द्यावे लागेल.

कोलोरॅडोतील ईनॉस मिल्स (१८७०–१९२२) यांनी पर्वतारोहकांचा वाटाड्या म्हणून आरंभ केला आणि हळूहळू वाटाड्याच्या कामाचे स्वरूपच बदलले. शिखर गाठण्यापेक्षा वाटेवरचे बीव्हर, झाडे व हिमनद्यांच्या खुणा दाखविणे त्यांना महत्त्वाचे वाटे. ‘निसर्गवाटाड्या’ हा स्वतंत्र पेशा आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले व त्यासाठी आपल्या विश्रामगृहात माणसे तयार केली. त्यांच्याकडे शिकलेल्या एस्थर व एलिझाबेथ बर्नेल या भगिनींना राष्ट्रीय उद्यान सेवेने १९१७ मध्ये परवाना दिला. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९२० पासून प्रवाशांसाठी विनामूल्य निसर्गवाटाडे नेमण्यात आले आणि १९२५ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणासाठी तेथेच एक क्षेत्रविद्यालय निघाले. फ्रीमन टिल्डन (१८८३–१९८०) हे मूळचे पत्रकार व कादंबरीकार. उद्यानांतील या कामाचे शास्त्र त्यांनी १९५७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. माहिती पुरविणे व अर्थ उलगडून दाखविणे यांत त्यांनी केलेला भेद आजही प्रशिक्षणात पायाभूत मानला जातो. [⟶ राष्ट्रीय उद्याने].

ब्रिटनमध्ये या कामाला वेगळे वळण लागले. डंडी येथे वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांनी १८९२ मध्ये एडिंबरोतील एका जुन्या मनोऱ्यात शिक्षणकेंद्र सुरू केले. मनोऱ्याच्या माथ्यावरून शहर व सभोवतालचा प्रदेश पाहावयाचा आणि मग एकेक मजला उतरत त्या प्रदेशाचा देशाशी व जगाशी असलेला संबंध समजून घ्यावयाचा, अशी तेथील मांडणी होती. गेडिस १९१४ मध्ये भारतात आले व १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विभागाचे पहिले प्रमुख होते. परिसराची स्वतः पाहणी करून शिकण्याचा त्यांचा आग्रह ब्रिटनमधील क्षेत्र-अभ्यासाच्या परंपरेस उपकारक ठरला. फ्रान्सिस बटलर या शाळा-निरीक्षकाच्या पुढाकाराने १९४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, तेथे क्षेत्र-अभ्यासाच्या प्रसारासाठी एक परिषद स्थापन झाली. फ्लॅटफर्ड मिल येथील तिचे पहिले निवासी केंद्र १९४६ मध्ये उघडले. केंद्रात कायम वेतनावर राहणारे शिक्षक आणि आठवडाभर मुक्कामास येणारे विद्यार्थी ही तिची पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषयाचा रोखच पालटला. कीटकनाशके, प्रदूषण व लोकसंख्यावाढ यांची चर्चा सुरू झाल्यावर फुलाफुलपाखरांची ओळख करून देणे अपुरे वाटू लागले. स्टॉकहोम येथील १९७२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची शिफारस केली. युनेस्को व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्याच वर्षी बेलग्रेड येथे सनद तयार झाली आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये तत्कालीन सोव्हिएट संघातील तिबिलिसी येथे आंतरशासकीय परिषद भरली. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्ये व सहभाग ही पाच उद्दिष्टे तेथे निश्चित झाली. यांपैकी ज्ञान देणारे शिक्षक सर्वत्र होते. सहभागापर्यंत नेणारे कोठून आणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर परिषदेच्या ठरावांत सापडत नाही.

भारतातील वाटचाल : भारतात निसर्ग-अभ्यासाला संस्थारूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे जाते. तिचे प्रारंभीचे सदस्य हे व्यापारी, डॉक्टर, लष्करी व मुलकी अधिकारी असे हौशी लोक होते. निसर्गावर पोट भरण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

तो सलीम अली (१८९६–१९८७) यांच्यापुढे उभा राहिला. त्यांची कारकीर्द पक्षिवैज्ञानिक म्हणून सर्वपरिचित आहे. पण तिच्या आरंभी ते निसर्गशिक्षकाच्या पगारी जागेवर होते, याकडे फारसे लक्ष जात नाही. विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षणातील पक्षिवैज्ञानिकाची जागा त्यांना मिळू शकली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) नव्याने उघडलेल्या निसर्गेतिहास विभागात ‘मार्गदर्शक व्याख्याता’ म्हणून त्यांची दरमहा ३५० रुपयांवर नेमणूक झाली. पेंढा भरलेले प्राणी व पक्षी दाखवून प्रेक्षकांना ते समजावून सांगणे हे त्यांचे काम होते. दोन वर्षांत त्यांना त्याचा कंटाळा आला. रजा घेऊन ते जर्मनीत गेले व बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिविज्ञानाचे शिक्षण घेतले. १९३० मध्ये ते परत आले, तेव्हा निधीच्या अभावी व्याख्यात्याची जागाच रद्द झाली होती. रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील किहीम येथे राहून याच काळात त्यांनी सुगरण पक्ष्याच्या प्रजननाचा अभ्यास केला आणि त्यामुळे त्यांचे नाव झाले. नोकरी गेली नसती तर हा अभ्यास कदाचित झाला नसता, हे खरे. परंतु घरचा आधार नसलेल्या व्यक्तीला तो मार्ग मोकळा नव्हता, हेही तितकेच खरे. पुढे १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील त्यांच्या पुस्तकाने जितके लोक पक्षिनिरीक्षणाकडे वळविले, तितके संग्रहालयातील व्याख्यानांतून क्वचितच वळले असते.

निसर्गाची आवड असणाऱ्या तरुणास स्वातंत्र्योत्तर काळात वनखात्याची नोकरी हा जवळचा मार्ग दिसे. सोलापूर येथे जन्मलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी तो पत्करला. खात्यात शिक्षकाचे पद नव्हते. त्यांनी ते काम लेखणीने केले. नोकरीच्या निमित्ताने कर्नाळा, नवेगाव, मेळघाट अशा ठिकाणी राहून पशुपक्ष्यांच्या नोंदी ठेवणे, वनवासी लोकांकडून नावे व निरीक्षणे मिळविणे आणि ती ललित व कोशरूपाने मराठीत आणणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. मराठी शाळेतील शिक्षकास पक्ष्यांची मराठी नावे निश्चितपणे सांगता येऊ लागली, यात त्यांचा मोठा वाटा आहे. २००६ मध्ये सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

निसर्गशिक्षणास वाहिलेल्या वेतनी जागा भारतात मोठ्या प्रमाणावर निर्माण झाल्या त्या १९७५ नंतरच. नवी दिल्ली येथे ५ जून १९७८ रोजी राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय सुरू झाले व शाळांसाठी त्याने नियमित कार्यक्रम घेतले (२६ एप्रिल २०१६ च्या आगीत ते भस्मसात झाले). अहमदाबाद येथे नेहरू विकास प्रतिष्ठानाच्या अंतर्गत व केंद्र शासनाच्या साहाय्याने १९८४ मध्ये पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन झाले. कार्तिकेय साराभाई हे त्याचे संस्थापक-संचालक. विज्ञान, चित्रकला, पत्रकारिता, समाजकार्य अशा विविध शाखांतील तरुणांना या केंद्राने निसर्गशिक्षणाच्या कामावर घेतले; देशातील या क्षेत्राच्या मनुष्यबळाचा एक मोठा भाग तेथून घडून बाहेर पडलेला आहे. चेन्नई येथील सी. पी. आर. पर्यावरण शिक्षण केंद्र १९८९ मधील. पुण्यात भारती विद्यापीठाने १९९३ मध्ये पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था काढली. तिची धुरा वाहणारे इराच भरुचा हे व्यवसायाने शल्यचिकित्सक होते. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मुंबईत गोरेगाव येथे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेस, संवर्धन शिक्षण केंद्र चालविले आहे.

अल्मोडा येथील उत्तराखंड सेवा निधीचा प्रयोग वेगळ्या जातीचा आहे. डोंगरी गावांतील शाळांसाठी १९८७ पासून सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुले आपल्याच गावाला वर्षाकाठी किती चारा, सरपण व पाणी लागते आणि गावच्या जमिनीतून ते किती मिळते, याचा हिशेब मांडतात. तेथे निसर्ग हा सहलीचा विषय नाही. आईच्या डोक्यावरील भाऱ्याचे वजन हा त्याचा पहिला धडा आहे. शहरी निसर्गप्रेमातून निघालेल्या अभ्यासक्रमांना ही बाजू सहसा सुचत नाही.

न्यायालयीन आदेश व त्यांचे परिणाम : एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी रेंगाळल्याने २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा आदेश दिले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय अभ्यासक्रम तयार केला आणि विद्यापीठ अनुदान मंडळाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एक सक्तीचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक भरुचा यांनी लिहिले. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीसही स्थान होते. महाराष्ट्रातील प्राथमिक इयत्तांत ‘परिसर अभ्यास’ हा विषय होताच. उच्च माध्यमिक स्तरावर पुढे ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाची पुस्तके निघाली.

या आदेशांमुळे विषय निर्माण झाला, शिक्षक निर्माण झाला नाही. श्रेणीपुरत्या विषयासाठी स्वतंत्र पद मंजूर करण्यास शाळा व महाविद्यालये राजी नव्हती. अनेक ठिकाणी ज्याच्या तासिका कमी भरतात अशा कोणत्याही विषयाच्या अध्यापकाकडे तो सोपविण्यात आला. क्षेत्रभेटीची जागा वहीत उतरविलेल्या प्रकल्पाने घेतली. बाजारात तयार प्रकल्पवह्या विकत मिळू लागल्या, यावरून स्थितीची कल्पना यावी. पर्यावरणविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण दुसरीकडे प्रदूषणमापन व पर्यावरणीय परवानग्यांच्या कामांकडे वळले, कारण उद्योगांना त्यांची गरज होती. सक्तीच्या विषयास हक्काचा शिक्षक नसणे हा या क्षेत्रातील आजही न सुटलेला प्रश्न आहे. राष्ट्रीय हरित सेनेच्या रूपाने २००१-०२ पासून शाळांत निघालेली मंडळेही बव्हंशी एखाद्या उत्साही शिक्षकाच्या अंगावर चालतात. त्याची बदली झाली की ती थंडावतात.

कामाचे स्वरूप : निसर्गशिक्षकाचे काम कसे चालते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उंबराचे झाड महाराष्ट्रात गावोगावी असते. दत्तसंप्रदायात पूज्य असल्याने ते सहसा तोडले जात नाही. क्वचित भेटणाऱ्या माणसास ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची रीत आहे, कारण उंबराला फूल कोणी पाहिलेले नसते. अनुभवी शिक्षक झाडाखाली मुलांना गोळा करून नेमका हाच प्रश्न विचारतो : फूल नाही, तर फळ कोठून आले? मुले तर्क करतात. मग एक कच्चे व एक पिकत आलेले उंबर चिरून भिंगाखाली दाखविले जाते. आतील पोकळीत अस्तरासारखी असंख्य बारीक फुले दिसतात आणि पिकत आलेल्या उंबरात चिमुकल्या वरट्या वळवळताना आढळतात. उंबराच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून मादी आत शिरते, येताना बरोबर आणलेले पराग फुलांवर पाडते व काही फुलांत अंडी घालून आतच मरते. पुढच्या पिढीतील बिनपंखी नर प्रथम बाहेर येतात, माद्यांशी त्यांचे मीलन होते, ते भिंतीला भोक पाडतात आणि नव्या माद्या पराग घेऊन त्या वाटेने दुसऱ्या उंबराच्या शोधात उडून जातात. उंबराच्या जातीची ही वरट नाहीशी झाली, तर झाडाला बी धरणार नाही. वरटीलाही दुसरे घर नाही.

यानंतर तांबट, हरियल, वटवाघळे व माकडे त्या झाडावर का येतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. सर्व माहिती आरंभीच सांगून टाकणारा शिक्षक वेळ वाचवितो, पण मुलांचा शोध हिरावून घेतो. नवखा निसर्गप्रेमी नेमके हेच करतो. त्याला झाडाचे शास्त्रीय नाव, कुल व औषधी गुण एका दमात सांगावेसे वाटतात. मुलांच्या ध्यानात त्यांतील काहीच राहत नाही. लोकांचा विश्वास खोडून काढण्याची घाई हाही असाच एक दोष होय. वाक्प्रचाराची टर उडविण्यापेक्षा त्यापासून आरंभ करणे अधिक फलदायी ठरते.

खेड्यांत व आदिवासी भागांत परिस्थिती उलट असते. तेथील मुलांना रानभाज्या, कंद, पाखरांच्या हाका व मासे पकडण्याच्या जागा शिक्षकापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक असतात. अशा वर्गात शिक्षकाने विद्यार्थी व्हावे आणि मुलांच्या ज्ञानाला नोंदीची शिस्त द्यावी, हे इष्ट. कोणती भाजी गेल्या काही वर्षांत मिळेनाशी झाली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणण्याचा साधा स्वाध्याय परिस्थितिविज्ञानाच्या एखाद्या प्रकरणापेक्षा अधिक शिकवून जातो. [⟶ परिस्थितिविज्ञान].

प्रेमापेक्षा जबाबदारीची कसोटी लागते ती माणूस व वन्य प्राणी यांच्या संघर्षाच्या प्रदेशात. जुन्नर परिसरातील उसाच्या शेतांत बिबट्या राहतो व पिले वाढवितो. तेथे माणसांवर, विशेषतः मुलांवर हल्ले झालेले आहेत. अशा गावात बिबट्याच्या देखणेपणाचे वर्णन करणारा वक्ता लोकांना आपला वाटत नाही, आणि वाटूही नये. संध्याकाळनंतर मुलांनी एकट्याने शेतवाटेने न जाणे, उघड्यावर वाकून बसण्याचे टाळणे, जनावरे बंदिस्त गोठ्यात बांधणे, गावालगतचा उकिरडा व भटकी कुत्री कमी करणे, पिलू दिसल्यास त्याला हात न लावता वनखात्यास कळविणे व पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही हे समजावणे, असे तेथील शिक्षणाचे स्वरूप असते. एखाद्या घरावर आघात झालेला असताना या गोष्टी बोलावयास जे धैर्य व जी समज लागते, ती कोणत्याही पाठ्यक्रमात पुरतेपणी शिकविता येत नाही.

तयारी व शिक्षण : निसर्गशिक्षक होण्यासाठी एकच ठराविक पदवी नाही. वनस्पतिविज्ञान, प्राणिविज्ञान, भूगोल वा पर्यावरणविज्ञान यांतील पदवी उपयोगी पडते. शाळेत नोकरी करावयाची असल्यास अध्यापनशास्त्राची पदवी वा पदविका आवश्यक असते. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२) मुख्यतः संशोधक व अधिकारी तयार करते. पक्षी, कीटक, वनस्पती अशा एकेका विषयाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी चालवीत आली आहे. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन व निसर्गसंवर्धन यांवरील वर्षाचा अभ्यासक्रम काढला. अभियंते, वास्तुविशारद, बँक-कर्मचारी, गृहिणी अशा निरनिराळ्या व्यवसायांतील प्रौढांनी त्याचा लाभ घेतला.

औपचारिक पात्रतेपेक्षा सराव महत्त्वाचा ठरतो. एकाच ओढ्याकाठी वा टेकडीवर वर्षभर दर आठवड्याला जाऊन केलेली नोंदवही ही या क्षेत्रातील उत्तम पूर्वतयारी समजली जाते. अनेक ठिकाणांच्या धावत्या भेटींनी ती साधत नाही. त्याखेरीज पाच-पंचवीस मुलांना रस्ता ओलांडून नेणे, प्रथमोपचार, विषारी व बिनविषारी साप ओळखणे, मधमाश्यांच्या पोळ्याखाली आवाज होऊ न देणे, पावसाळी ओढ्याच्या पाण्याचा अंदाज घेणे ही कौशल्ये गौण मानून चालत नाही. या क्षेत्रात एका चुकीची किंमत मोठी असते. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाण्याचा किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलाविण्याचा मोह शिक्षकाने स्वतः टाळला, तरच मुले तो टाळतात.

उपजीविकेची साधने : या क्षेत्रात शाळेतील विज्ञान वा भूगोल शिक्षकाची जागा सर्वांत स्थिर होय, आणि तिचा आवाका लोक समजतात त्यापेक्षा मोठा आहे, वर्षभर तीच मुले मिळण्याचा लाभ अन्य कोणास नसतो. स्वयंसेवी संस्थांतील काम अधिक समाधान देणारे असले, तरी ते बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरते असते. अनुदान तीन वर्षांचे असेल तर नेमणूकही तितकीच. संग्रहालये, प्राणिसंग्रहालये, वनस्पतिउद्याने व वनखात्याची निर्वचन केंद्रे यांत मोजक्या जागा निघतात. लेखन, छायाचित्रण वा शिबिरे यांवर स्वतंत्रपणे चरितार्थ चालविणारे थोडे असून त्यांची मिळकत हंगामावर अवलंबून राहते. आरंभीची काही वर्षे दुसरी नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी हे काम करणे, हाच मार्ग पुष्कळांनी अनुसरलेला दिसतो.

अलीकडील काळात एक नवा वर्ग पुढे आला आहे, तो स्थानिक लोकांचा. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सागरी कासवांच्या अंड्यांचे संरक्षण हाती घेतले. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी काढली जात. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पिले समुद्राकडे जाताना पाहण्यास आलेल्या पाहुण्यांना गावकरी घरी उतरवून घेतात व किनाऱ्यावर माहिती सांगतात. ठाणे खाडीकाठी ऐरोली येथे रोहित पक्षी दाखविण्यासाठी नौकाफेऱ्या निघतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात भोवतालच्या गावांतील तरुण-तरुणी प्रशिक्षण घेऊन परवानाधारक मार्गदर्शक झाले आहेत. जंगलाचे त्यांचे ज्ञान लहानपणापासूनचे असते; तथापि पर्यटकाला वाघाखेरीज दुसरे काही पाहावयाचे नसल्याने त्यातील फारच थोडे सांगण्याची संधी त्यांना मिळते. वाघ दिसला नाही, तर बक्षिशी घटते. परिणामी वारूळ, मोहाचे झाड वा रानगव्याचा माग यांजवळ गाडी थांबविण्यास चांगला मार्गदर्शकही कचरतो. मिळकत फेऱ्यांच्या संख्येवर ठरते आणि प्रकल्पाचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असते. त्या तीन महिन्यांत त्यांना शेतीचा किंवा मजुरीचा आधार घ्यावा लागतो.